जोडीची वही

सावद्याच्या दंगलीत एकवीस वर्षं
जोड मी लिहिली.
लाल पुठ्ठ्याची वही, कानावर पेन,
बुडाखाली दुमडलेलं पोतं.
बारागाड्या ओढून झाल्या की दुसऱ्या दिवशी
सुकीच्या कोरड्या पात्रात हौदा खणायचा,
मातीत हळद, ताक, लिंबू.
आणि माती कुणाला जात विचारत नाही
हे भोंग्यावर दरवर्षी सांगायचो मीच.

मातीला विचारायची गरजच नव्हती.
विचारून झालेलं असायचं वहीत.

रुबाब तडवी, मुक्काम पाल.
रंगाचा रकाना वहीत नव्हता,
तरी तो भरलेला असायचा.
सकाळच्या एसटीने उतरायचा,
फडक्यात कळण्याची भाकर, ठेचा,
लंगोट बापाचा.
बाकीच्यांच्या नावापुढे मी तालीम लावायचो,
वस्तादाचं नाव, मागच्या वर्षीचं इनाम.
त्याच्या नावापुढे : जंगलचा वाघ!
लोक टाळ्या देत. पोरं गुरगुरत.
वाघाला कुठला वस्ताद?

होता. बशारत नावाचा म्हातारा,
हौद्याबाहेर उकिडवा,
विडी ओठात, न पेटवलेली.

रुबाबने एक्कावन्नाची मारली.
एकशेएकची मारली.
पाचशेची तर ढाक लावून अशी,
की धूळ खाली बसायच्या आत
समोरचा आभाळ मोजत पडलेला.
मग शेवटची कुस्ती, चांदीच्या गदेची.
चेअरमन कानाशी वाकायचे :
‘त्याला पाचशेवरच ठेव. पाहुणे लांबून आलेत.’
तो किती लांबून आलाय, मी विचारलं नाही.
ठेवला.
पुढच्या वर्षी पुन्हा ठेवला.

त्याच सुमारास वसंता सायकलवाल्याकडे डिश आली.
रात्री शटर अर्धं ओढून
आम्ही परदेशी कुस्त्या बघायचो,
चड्डीवर चमक्या, येताना फटाके.
त्यात एक काळा पैलवान,
नाचत यायचा. नाचवून आणत असावेत.
सगळ्यांना उचलून आपटायचा, पण
पट्ट्याची कुस्ती आली की
कुणीतरी मागून खुर्ची घालायचं,
नाहीतर नेमकी पंचाची पाठ असायची.

रुबाब तेव्हा स्टेशनवर केळीचे घड भरायचा.
वॅगन लागली नसेल त्या रात्री दाराशी यायचा,
आत बस म्हटलं तरी उभा.
एकदा विचारलं त्याने,
‘याले पट्टा कव्हा देतीन?’
वसंता हसला, ‘अरे येड्या, हे ठरवून असतं.
कोण पडणार ते आधीच लिहिलेलं.’

रुबाब गप्प.
मग पडद्याकडे नाही,
माझ्या कानावरच्या पेनाकडे बघत म्हणाला,
‘म्हंजे तठी बी कोनी वही लिव्हतं.’

मी घड्याळ बघितलं. बंद होतं ते.

परवा नातवाच्या मोबाइलवर
दुसराच एक काळा पैलवान, तरणाबांड,
पट्टा छातीशी धरून रडत होता.
कठड्यापाशी त्याच्याच रंगाचं एक पोरगं
बापाच्या खांद्यावर बसून
दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलेलं.
खोटी कुस्ती, आणि रडणं इतकं खरं.
आमच्याकडे कुस्त्या सगळ्या खऱ्या होत्या.

मोबाइल घेऊन पालला गेलो.
रुबाबचे गुडघे गेलेत. कान मोडलेले तसेच.
दोनदा बघितलं त्याने, डोळ्यांजवळ धरून.
‘लिव्हनारा बदलला असन,’ म्हणाला,
आणि चहाला माणूस पाठवला.
मला दूध जास्त लागतं हे लक्षात होतं त्याच्या.

घरी येऊन माळ्यावरची वही काढली.
पुठ्ठा वाळवीने खाल्लेला, पानं शाबूत.
एकवीस दंगली, एकवीस शेवटच्या ओळी,
एकातही तो नाही.
खाली थोडी जागा होती.
लिहिलं : चांदीची गदा. रुबाब तडवी,
मुक्काम पाल, वस्ताद बशारत.

पण जोड म्हटली की समोर नाव लागतं.
बराच वेळ पेन धरून बसलो.
मग माझंच लिहिलं.
वजन मात्र लिहिलं नाही.